‘सर, काय बघू?’ : वार्ताहर व्हावे की प्रशिक्षक?

पत्र

“सर, माझे वय ३६ आहे. नागपूरच्या फुटबॉल लीगमध्ये अकरा वर्षे मधल्या फळीत खेळलो. गुडघ्याचे लिगामेंट तुटले, शस्त्रक्रिया झाली, तरी पूर्वीसारखे वळता येईना, म्हणून सात वर्षांपूर्वी वणी तालुक्यातील आमच्या गावी परत आलो. चार एकर कोरडवाहू शेती आहे, पत्नी अंगणवाडी सेविका आहे, मुलगी तिसरीत आहे. मी बी.ए. झालेलो आहे. आता दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. एका दैनिकाला तालुका वार्ताहर हवा आहे. पगार नाही, जाहिरातींवर कमिशन मिळेल, आणि खेळाच्या बातम्या तुम्हीच पाहा असे ते म्हणतात. दुसरीकडे जवळच्या एका खाजगी शाळेला फुटबॉल शिकवणारा हवा आहे. महिन्याला ६,००० रुपये मानधन. त्या शाळेत सध्या मी हौस म्हणून सकाळी जातो. मागच्या आठवड्यात एका मुलाला मी वीस मिनिटे ‘बघून खेळ, बघून खेळ’ असे ओरडून सांगत होतो. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, ‘सर, काय बघू?’ मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून वाटते, मला खेळता येत होते, एवढेच. लिहिता येईल की शिकवता येईल, हे कसे ठरवू?”
– एक माजी मिडफिल्डर

उत्तर

प्रिय मित्र,

तुम्हाला आलेल्या दोन्ही विचारणांपेक्षा मला त्या मुलाचा प्रश्न मोलाचा वाटतो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. अकरा वर्षे मधल्या फळीत खेळलेल्या माणसाला चेंडू पायाशी येण्याआधीच मागे कोण उभा आहे, डावीकडचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा खेळाडू, किती पुढे सरकला आहे आणि अंगावर येणारा खेळाडू कोणत्या पायावर भार देऊन धावतो आहे, हे सारे एका क्षणात दिसून जाते. आणि आपल्याला हे दिसते आहे, याचा त्याला पत्ताही नसतो. मान कधी वळली, हे त्याला विचारले तर सांगता येणार नाही. तुमचे तेच झाले. जे तुम्हाला आपोआप दिसत होते, ते त्या मुलालाही दिसत असणार आणि तो केवळ आळसाने पाहत नसणार, असे गृहीत धरून तुम्ही ओरडत राहिलात. मुलगा मात्र प्रामाणिक निघाला. बहुतेक मुले अशा वेळी नुसती मान डोलावतात.

मी तुमच्या जागी असतो तर त्याला त्याच्याच रस्त्यावर नेले असते. तुमच्याकडे कोळशाचे ट्रक दिवसरात्र चालू असतात, आणि शाळेत येताना त्या मुलाला असा रस्ता ओलांडावा लागतच असेल. तेव्हा तो आधी एका बाजूला पाहतो, मग दुसऱ्या बाजूला, ट्रक किती लांब आहे आणि किती वेगात आहे याचा अंदाज घेतो, आणि मगच पाऊल टाकतो. चेंडू आपल्याकडे यायला निघाला की तेवढेच करायचे आहे, दोन्ही खांद्यांवरून एकेकदा. हे सांगून झाल्यावर त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर एका मुलाला हातात लाल आणि पिवळे असे दोन बिब, म्हणजे सदऱ्यावर घालायच्या रंगीत बंड्या, देऊन उभे करा. तुम्ही समोरून पास द्यायचा, मागच्याने त्याच क्षणी एक बिब वर करायचा, आणि चेंडू पायाला लागण्याआधी खेळणाऱ्याने त्याचा रंग ओरडून सांगायचा. पहिले दहा पास हुकतील. पंधराव्या-विसाव्या पासाला मान आपणहून वळू लागेल, आणि ‘बघून खेळ’ हे शब्द तुम्हाला पुन्हा वापरावे लागणार नाहीत.

हे इतके विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, प्रशिक्षकाचे आणि क्रीडा वार्ताहराचे काम वरून कितीही वेगळे दिसले, तरी दोघांनाही उत्तर याच प्रश्नाचे द्यावे लागते. वाचकही सकाळी चहाचा कप घेऊन ‘काय बघू?’ असेच विचारत असतो. त्याने सामना पाहिलेला नसतो, आणि पाहिला असला तरी बहुधा चेंडूच पाहिलेला असतो. खेळलेला माणूस हे उत्तर देऊ शकतो, कारण त्याच्याकडे नजर असते. पण ती नजर शब्दांत आणण्याची विद्या खेळताना मिळत नाही, ती नव्याने शिकावी लागते. मी स्वतः थोडाफार खेळून नागपुरात एका वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात उमेदवारीला लागलो, तेव्हा पहिल्याच सामन्याचा वृत्तांत चार पाने लिहून नेला होता. पाऊस, चिखल, प्रेक्षकांचा जल्लोष, गोलरक्षकाची झेप, सगळे त्यात होते. उपसंपादकांनी चारही पाने शांतपणे वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “जिंकले कोण?” अंतिम गुणसंख्या लिहायची राहून गेली होती. तेव्हा तुम्हाला उत्तर देता आले नाही, याचा फार विषाद मानू नका.

आता निर्णयाविषयी. शाळेचे काम घ्या, दैनिकाची वार्ताहरकी नाकारा, आणि तरीही लिहीत राहा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वार्ताहरकी नाकारा असे मी म्हणतो, ते पत्रकारितेविषयी अनादर आहे म्हणून नव्हे. त्याच व्यवसायात माझे आयुष्य गेले. पण बिनपगारी तालुका वार्ताहर आणि जाहिरातीवरचे कमिशन, ही व्यवस्था नेमकी कशी चालते ते हो म्हणण्यापूर्वी नीट समजून घ्या. १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारी आणि स्थानिक पुढाऱ्यांचे वाढदिवस या वेळी तुम्हाला जाहिराती गोळा कराव्या लागतील, आणि तालुक्यात जाहिरात देणारी माणसे मोजकीच असतात. फुटबॉल स्पर्धेला ढाल आणि रोख बक्षीस देणारेही तेच, शाळेच्या संस्थेवर असणारेही तेच. स्पर्धेत पंचाने एखादा निकाल उघडपणे चुकीचा दिला, किंवा बक्षिसाची जाहीर केलेली रक्कम संघाला मिळालीच नाही, तर ती बातमी तुम्ही कशी लिहिणार? आणि समजा लिहिलीत, तरी पुढच्या दिवाळीला त्या दारात कसे जाणार? खेळाच्या बातम्या तुम्हीच पाहा, हे आश्वासनही फारसे मनावर घेऊ नका. कापसाचा भाव, अतिवृष्टी, अपघात आणि ग्रामपंचायतीची निवडणूक यांतून तालुका वार्ताहराला खेळाकडे वळायला महिन्यातून किती दिवस मिळतात, ते सध्या काम करणाऱ्या एखाद्या वार्ताहराला बाजाराच्या दिवशी चहा पाजून विचारा.

आपल्याकडच्या ग्रामीण क्रीडावृत्तांचा एक ठरलेला साचा आहे, तो तुम्हीही अनेकदा वाचला असेल. स्पर्धेचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, व्यासपीठावर कोण कोण उपस्थित होते अशी चौदा-पंधरा नावे, संचालन कोणी केले, आभार कोणी मानले. आणि सर्वांत शेवटी, जागा उरलीच तर, अमुक संघाने तमुक संघाचा २-१ असा पराभव केला. गोल कोणी केले? ते त्यात नसते. ज्या मुलाने उन्हातान्हात धावून गोल केला, त्याच्या आईला पेपरात संचालन करणाऱ्या गुरुजींचे नाव सापडते, मुलाचे सापडत नाही. हे बदलण्याची इच्छा तुमच्या मनात असेल, तर त्यासाठी वार्ताहराचे ओळखपत्र गळ्यात घालण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या दैनिकाचे क्रीडा पान पाहणारे संपादक गाठा आणि पंधरा दिवसांतून एकदा ४०० शब्दांचा मजकूर देण्याची तयारी दाखवा. मानधन थोडे मिळेल किंवा मिळणार नाही, पण जाहिरातीचे ओझे नसेल.

लिहिण्याची तयारी कशी करायची, हे थोडक्यात सांगतो. दोनशे पानी वही घ्या. पाहिलेल्या प्रत्येक सामन्याची तारीख, ठिकाण, दोन्ही संघ, गोल कोणत्या मिनिटाला आणि कोणी केला, हे आधी लिहा. खेळाडूचे पूर्ण नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या, कारण ऐकीव नावे हमखास चुकतात. मग तुमच्या मते सामना जिथे फिरला, तो एकच प्रसंग निवडा आणि तो अशा माणसासाठी लिहा, ज्याने कधी फुटबॉल पाहिलेला नाही. तुमच्या आईला वाचून दाखवा. तिला कळले तर मजकूर जमला. पुढे आवड टिकली, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्येचा अभ्यासक्रम घरी राहून करता येतो.

या वाटेने गेलेली मोठी माणसेही आहेत. ब्राझीलचा तोस्ताओ १९७० चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात पेलेबरोबर खेळला, डोळ्याच्या दुखापतीमुळे १९७३ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला, त्यानंतर तो शिकून डॉक्टर झाला, आणि पुढे अनेक वर्षांनी वर्तमानपत्रातील स्तंभलेखक म्हणून त्याने पुन्हा नाव मिळवले. अर्जेंटिनाचा होर्हे वाल्दानो १९८६ च्या विश्वविजेत्या संघात होता, १९९४-९५ च्या हंगामात त्याच्या प्रशिक्षणाखाली रेआल माद्रिदने स्पेनची लीग जिंकली, आणि लेखक म्हणूनही त्याला मान आहे. सर्वांत विलक्षण गोष्ट जोआव साल्दान्याची. हा ब्राझीलमधला पत्रकार. राष्ट्रीय संघावर बोचरी टीका करणारा. १९६९ मध्ये महासंघाने त्यालाच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक केले, आणि त्याच्या संघाने विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील सहाच्या सहा सामने जिंकले. तरीही स्पर्धा काही महिन्यांवर आली असताना त्याला दूर करण्यात आले, आणि चषक जिंकला तो त्याच्या जागी आलेल्या झागालोच्या मार्गदर्शनाखाली. साल्दान्याची जीभ पत्रकाराची होती. खुर्ची बदलली तरी ती बदलली नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

यावरून एक इशारा देऊन ठेवतो. आपण शिकवतो त्या संघाविषयी, त्या शाळेविषयी आणि ज्या स्पर्धेत आपली मुले उतरली आहेत त्या स्पर्धेविषयी एक ओळही लिहू नका. स्तुती लिहिली तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि प्रतिस्पर्धी संघावर टीका केली तर मैदानावर तुमच्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागेल. सर्वांत कठीण प्रसंग वयाचा येतो. शालेय स्पर्धांत जास्त वयाची मुले उतरवण्याचा रोग जुना आहे. वरच्या पातळीवर त्यासाठी मनगटाच्या हाडांची, त्यांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधणाऱ्या टीडब्ल्यू-३ पद्धतीने तपासणी होते, पण तालुका पातळीवर शाळेच्या कागदावरच भिस्त असते. उद्या तुमच्याच शाळेने एक दणकट मुलगा आणून उभा केला आणि दाखल्यावरचे वय मुकाट्याने मान्य करा असे सुचवले, तर तुमच्यातला वार्ताहर आणि तुमच्यातला मानधनावरचा प्रशिक्षक एकमेकांसमोर उभे राहतील. काम स्वीकारतानाच मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगून टाका की, जन्मनोंदीचा मूळ कागद पाहिल्याशिवाय मी कोणाचेही नाव संघात घेणार नाही. हे पहिल्या दिवशी सांगणे सोपे असते. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री फार अवघड होऊन बसते.

आता प्रशिक्षणाकडे येतो, कारण तुमची पुढची काही वर्षे त्यातच जावीत असे मला वाटते. भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून देणारे, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघाला चौथ्या स्थानापर्यंत नेणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते. आपल्या नागपुरातही विजय बारसे हे महाविद्यालयात क्रीडा शिक्षक होते, आणि पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहून त्यांनी २००१ मध्ये स्लम सॉकरची सुरुवात केली. हे दोघे मला एवढ्यासाठी आठवले की, त्यांनी आधी शिकवण्याचा पेशा पत्करला होता. तुम्हालाही तो रीतसर पत्करावा लागेल. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यांची शिडी आहे. अगदी प्राथमिक ई, मग डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. महाराष्ट्रातील फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे डी परवान्याच्या वर्गांची चौकशी आजच करा आणि या वर्षातच तो पूर्ण करा. काही दिवसांचेच काम आहे. शाळेत कायम क्रीडा शिक्षक व्हायचे असेल, तर मात्र बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागेल. तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यासाठी तुम्हाला फार दूर जायला नको. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून याच क्षेत्रात उभे आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे, पण घर आणि शेती सोडून जाणे सध्या तुम्हाला जमेल असे दिसत नाही. तो विचार नंतर करा.

शाळेत गेल्यावर पहिले काम म्हणजे चेंडू मोजणे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा राज्य शासनाने शाळाशाळांना फुटबॉल वाटले होते, आणि माझा अनुभव असा की त्यांतले बरेचसे अजूनही प्रयोगशाळेच्या कपाटात, हवा गेलेल्या अवस्थेत पडून आहेत. कपाट उघडायला लावा. चोवीस मुले आणि दोन चेंडू असले की बारा-बारांच्या दोन रांगा लागतात, आणि तासाभरात एका मुलाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे खेळ येतो. उरलेला वेळ ती रांगेत उभी राहून एकमेकांना ढकलतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. तेवढे तुम्हाला मिळणार नाही आणि लहान मुलांना ते लागतही नाही. फक्कीने ३० बाय २० मीटरचे तीन चौकोन आखा, चार विरुद्ध चार खेळवा, चेंडू प्रत्येकाच्या पायाला सतत लागला पाहिजे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकटून बसते, घोटे दोन्ही ऋतूंत मुरगळतात. म्हणून रोज सकाळी खेळ सुरू होण्यापूर्वी स्वतः अनवाणी मैदानभर चालून या. खड्डे डोळ्यांपेक्षा पायांना लवकर कळतात.

तुमचा स्वतःचा गुडघा ही या कामातली तुमची सर्वांत मोठी शिदोरी आहे, असे म्हटले तर रागावू नका. फिफा ११+ या नावाचा पंधरा व्यायामांचा, सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप दुखापती टाळण्यासाठीच तयार केलेला आहे. धावणे, ताकद, तोल आणि उडी मारून नीट जमिनीवर येणे, हे सारे त्यात आहे. आपल्याकडे मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की वॉर्म-अप झाला असे समजतात. तुम्ही या वीस मिनिटांवर अडून बसलात तर मुले कुरकुर करतील. तेव्हा पँट वर करून शस्त्रक्रियेची खूण दाखवा. मार्च ते जून सराव सकाळी साडेसहाला सुरू करून आठला संपवा, आणि पाण्याचा माठ सावलीत, मैदानाच्या कडेलाच ठेवा. मुलींचा संघही असावा असा आग्रह धरा, पण सरावाला आणि प्रवासाला एक शिक्षिका सोबत असल्याखेरीज जाऊ नका. त्यात मुलींचे आणि तुमचे, दोघांचेही संरक्षण आहे.

पालकांशी बोलताना देशाच्या संघाची स्वप्ने दाखवू नका. शालेय मुलांची सुब्रतो चषक स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि तिची वाट तालुक्या-जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत जाते. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या तिन्ही गोष्टींचे नियम, प्रमाणपत्रांचे नमुने आणि अर्जांच्या मुदती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून लेखी आणून ठेवा. चांगले खेळलेली मुले केवळ प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्यामुळे गुणांना मुकलेली मी पाहिली आहेत. बाप शेतावरून येऊन उंबऱ्यावर टेकतो आणि “खेळून काय भेटते?” असे विचारतो, तेव्हा त्याच्या हातात देता येईल असा कागद तुमच्यापाशी असावा.

पैशाचे मात्र तुम्ही उघडपणे विचारलेले नाही, तरी लिहितो. ६,००० रुपयांत घर चालणार नाही; शेती सोडू नका, ती बटाईने देण्याची घाईही करू नका. मानधन बारा महिने मिळणार की सुट्टीचे दोन महिने कापले जाणार, परवान्याच्या वर्गाची फी शाळा भरणार की तुम्ही, आणि स्पर्धेला मुलांना नेण्याचा गाडीखर्च कोणाचा, या तीन गोष्टी पत्रावर लिहून घ्या. मुख्याध्यापक कितीही सज्जन असले तरी तोंडी आश्वासन बदलीबरोबर निघून जाते.

विदर्भातील शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तोवर तुमच्या हाती काही दिवस आहेत. त्यात अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवून काय करता येईल आणि काय टाळावे, ते विचारून घ्या. वळून पास देण्याचे प्रात्यक्षिक त्यांनी मना केले, तर ते स्वतः करून दाखवण्याचा हट्ट धरू नका. त्या वेळी ‘काय बघू?’ विचारणाऱ्या मुलालाच पुढे बोलवा आणि त्याच्याकडून करवून घ्या. तो चुकेल तेव्हा बाकीच्या मुलांना विचारा, आत्ता त्याने काय पाहायला हवे होते.

तुमचा,
सदरलेखक